मिळतच नाही तो पार्ट करून घ्यायचा कसा: जुन्या गाडीच्या नवख्या मालकांसाठी

जुनी गाडी घेतल्यावर पहिले काही महिने मजेत जातात आणि मग एक दिवस काहीतरी छोटंसं तुटतं, पंज्यात मावेल एवढा तुकडा, आणि शोधायला गेलं की कळतं हा पार्ट कित्येक वर्षांपासून कुणी बनवतच नाही. नवीन माणूस इथे दोनपैकी एक करतो, एकतर गाडी कव्हर घालून उभी करून ठेवतो नाहीतर तो तुटका तुकडा घेऊन दिसेल त्या वर्कशॉपमध्ये जातो आणि म्हणतो "असाच एक करून द्या". मी पण पहिल्यांदा हेच केलं होतं.

क्लचच्या पेडलचा बुश होता, म्हणजे ज्यात शाफ्ट फिरते ती ब्राँझची छोटी नळी. पेडल डावी-उजवीकडे डुलायचं. मी झिजलेला बुश काढून टर्नरला म्हणजे लेथवाल्याला दिला, त्याने व्हर्नियर लावून आतलं माप घेतलं, बाहेरचं घेतलं, आणि तासाभरात चकचकीत नवा बुश हातात दिला. बसवला तर पेडल तसंच डुलतंय. का, तर मी दिलेल्या बुशचं भोक झिजून मोठं झालं होतं आणि त्या भल्या माणसाने ते मोठं झालेलं भोक अगदी इमानदारीत नव्या ब्राँझमध्ये उतरवलं होतं. त्याची काही चूक नव्हती, मी त्याला झीज बनवायला सांगितली होती आणि त्याने झीज बनवून दिली.

पुढचं सगळं वाचताना ही एकच गोष्ट धरून ठेवा, हातातलं सॅम्पल खोटं बोलतं. ते झिजलेलं असतं, वाकलेलं असतं, आक्रसलेलं किंवा फुगलेलं असतं, मधे कधीतरी कुणीतरी कानस मारलेली असते. कारागिराला द्यायचं काय, तर तो पार्ट गाडीत पहिल्यांदा बसवला त्या दिवशी कसा होता आणि तिथे बसून तो काय काम करतो याची माहिती. ती शोधून काढणं आपलं काम, त्याचं नाही.

आधी खात्री करा की खरंच मिळत नाही

ही पायरी कंटाळवाणी आहे पण हिने अर्धी कामं वाचतात. पार्टवर कुठेतरी नंबर असतो, ओतलेला, ठोकलेला किंवा रंगाखाली दबलेला, ब्रशने साफ करून तिरका टॉर्च मारून बघा. तो नंबर बऱ्याचदा गाडीच्या कंपनीचा नसून पार्ट बनवणाऱ्याचा असतो, म्हणजे ल्युकास, गर्लिंग, बॉश वगैरे, आणि हे लोक तोच पार्ट चार वेगवेगळ्या गाड्यांना देत असत. महागड्या गाड्यासुद्धा दुसऱ्यांचे पार्ट वापरायच्या, लोटस एस्प्रीला मॉरिस मरीनाचं दाराचं हँडल आहे आणि जॅग्वार एक्सजे २२० चे मागचे दिवे रोव्हर २०० चे. म्हणजे एस्प्रीच्या नावाने हँडल शोधणारा माणूस शोधत बसतो आणि मरीनाच्या नावाने शोधणाऱ्याला ते सापडून जातं. मॉडेलचे क्लब असतात तिथेही विचारा, कारण तुमच्या गाडीचा जो पार्ट तुटला तोच बाकीच्यांचाही तुटलेला असतो आणि कुणीतरी आधीच ड्रॉइंग किंवा पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी वाळूत दाबायचा नमुना, करून ठेवलेला असू शकतो. कधीकधी कंपनीची जुनी डाय म्हणजे साचा पण शिल्लक असतो, ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये एमजीबी या स्पोर्ट्स गाडीची अख्खी बॉडीशेल म्हणजे बॉडीचा सांगाडा जुन्याच साच्यांवर परत बनवायला घेतली होती, गाडीचं उत्पादन तर १९८० लाच थांबलेलं.

आणि बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग, सर्क्लिप यांच्यावर वेळ घालवू नका. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी घेऊन गेलात तर ते बहुतेक वेळा स्टँडर्ड मापात निघतात.

पार्ट कुठल्या वर्गातला आहे ते ठरवा

हे मी मापांच्या आधी घेतो कारण यावर बाकी सगळं अवलंबून आहे. तो पार्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होईल, एवढाच प्रश्न विचारा. ट्रिम, नॉब, बॅज, खिडकीचं हँडल तुटलं तर वाईट वाटेल, बाकी काही नाही, इथे बिनधास्त प्रयोग करा. पाण्याच्या पंपाची बॉडी, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, डिस्ट्रिब्युटरचा गिअर तुटला तर रस्त्यात अडकाल, इंजिनही खराब होऊ शकतं, इथे नीट मटेरियल आणि नीट टेस्टिंग पाहिजे. आणि स्टीअरिंग, ब्रेक, सस्पेंशनचे जॉइंट, हब, चाकाचे स्टड यातलं काही असेल तर तो पार्ट नवख्याने स्वतःच्या अंदाजाने करून घ्यायचा नाही. स्टीअरिंगचा आर्म मुळात फोर्ज केलेला असतो, म्हणजे तापवून दाबून घडवलेला, त्यामुळे त्याची ताकद सलग असते, तोच आकार वाळूत ओतून काढला तर दिसायला हुबेहूब होईल पण आत एखादा पोकळ बुडबुडा राहिला तर कुठल्यातरी खड्ड्यात तो मोडेल. असं काम त्याच विषयातल्या इंजिनिअरकडून आणि टेस्ट रिपोर्टसकटच करून घ्या. ब्रेकच्या सिलिंडरला मात्र एक चांगला जुना उपाय आहे, मूळ बॉडी ठेवून आतून बोअर करायचं आणि स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा स्लीव्ह बसवायचा, हे काम नेहमी करणारे लोक असतात, त्यांच्याकडेच द्या.

काढायच्या आधी फोटो, मग काढा

गाडीत बसलेल्या अवस्थेत चारही बाजूंनी फोटो, पट्टी शेजारी धरून. कुठली बाजू पुढे होती, वॉशर किती होते, कुठे चकाकी आलीय म्हणजे तिथे दुसरं काहीतरी घासत होतं. चकाकीच्या खुणा फार बोलतात आणि पार्ट साफ केला की त्या जातात, म्हणून वायर ब्रश मारायची घाई करू नका. तुटलेले सगळे तुकडे एका डबीत ठेवा, चुरा झाला असेल तर चुरा पण.

काही कारणाने एकच सॅम्पल असेल आणि ते कारागिराकडे पाठवायचं असेल तर पाठवायच्या आधी सगळी मापं, फोटो आणि जमलं तर वजन तुमच्याकडे लिहिलेलं पाहिजे. सॅम्पल हरवतात. मुद्दाम कुणी हरवत नाही, पण वर्कशॉपच्या टेबलावर शंभर जॉब पडलेले असतात आणि तुमचा तो गंजका तुकडा भंगार समजून झाडला जातो. पार्टला तारेने एक पत्र्याचा टॅग बांधा, त्यावर नाव आणि "फेकू नये" असं लिहा.

मापं

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

तीन गोष्टी लागतात, डिजिटल व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि आट्यांचे गेज म्हणजे पिच गेज. झिजलेल्या पार्टवर अशी जागा शोधा जिथे झीज पोचलेली नाही. पेडलच्या शाफ्टचंच घ्या, बुश फिरायचा तिथे माझं माप आलं १५.६२ मिमी, आणि शाफ्टच्या टोकाला, जिथे काहीच घासत नव्हतं, तिथे आलं १५.८७. गाडी इंची मापातली. ५/८ इंच म्हणजे १५.८७५. झालं, मूळ माप सापडलं, आणि पाव मिलिमीटर शाफ्ट झिजलीय हेही कळलं म्हणजे नुसता बुश बदलून उपयोग नव्हताच, शाफ्ट पण करावी लागली. जुन्या गाड्या डिझाइन करणाऱ्यांनी १५.६२ असलं विचित्र माप कधी टाकलेलं नसतं, ते नेहमी गोल आकड्यात किंवा इंचाच्या अपूर्णांकात विचार करायचे, म्हणून तुमचं माप जवळच्या कुठल्या शहाण्या आकड्याला लागतंय ते बघा. पण ते जुळतंय म्हणून लगेच खूश होऊ नका, ज्या पार्टमध्ये हा बसतो त्या समोरच्या पार्टचं माप घेऊन पडताळा. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तरच लिहा.

आटे ही वेगळीच डोकेदुखी. आट्यांची वेगवेगळी मानकं असतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये व्हिटवर्थ (जाड आटे) आणि बीएसएफ (बारीक), त्यांचा कोन ५५ अंश, आणि अमेरिकन यूएनसी (जाड), यूएनएफ (बारीक) आणि मेट्रिक यांचा कोन ६० अंश. पाव इंचाचा व्हिटवर्थ आणि पाव इंचाचा यूएनसी दोघांना इंचाला २० आटे, त्यामुळे एकात दुसरा बोल्ट फिरतो सुद्धा आणि माणसाला वाटतं जमलं, पण कोन वेगळा असल्यामुळे पकड अर्धवट असते. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. पाव इंचात बीएसएफ २६, यूएनएफ २८. आणि पान्यावरून आटे ओळखायला जाऊ नका, एमजीच्या टी सिरीजमधल्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची, कारण त्या इंजिनाच्या घराण्याचं मूळ एका फ्रेंच कंपनीच्या मशिनरीत होतं. पिच गेज लावून उजेडासमोर धरायचं, फट दिसली की तो नाही.

गिअर असेल तर दात मोजा आणि बाहेरचा व्यास घ्या. सरळ दातांच्या साध्या गिअरला दातांची संख्या अधिक दोन, भागिले बाहेरचा व्यास इंचात, म्हणजे डीपी (डायमेट्रल पिच, इंची मापात दाताचा आकार) निघतो. २० दात आणि ५५.९ मिमी व्यास असेल तर ५५.९ म्हणजे २.२ इंच, २२ भागिले २.२ बरोबर १० डीपी. आता गडबड अशी की १० डीपी म्हणजे मॉड्यूल (दाताच्या आकाराचं मेट्रिक माप) २.५४, आणि गिअर कापणाऱ्याकडे २.५ मॉड्यूलचा कटर हमखास असतो, तो म्हणेल "जवळपास तेच आहे". तेच नाही, २.५ ने केला तर व्यास ५५ येतो, जवळजवळ एक मिलिमीटर कमी, आणि तो गिअर आवाज करत करत सोबतच्या चांगल्या गिअरला पण खाऊन टाकतो. जुन्या गिअरमध्ये प्रेशर अँगल, म्हणजे दाताच्या बाजूचा कोन, १४.५ अंश असायचा, नंतर २० रूढ झाला, हेही विचारून घ्या. जमेल तिथे गिअर जोडीनेच करून घ्यावा असं माझं मत आहे.

मापं झाली की हाताने का होईना पण ड्रॉइंग काढा, आणि प्रत्येक मापासमोर लिहा की हे माप किती नेमकं पाहिजे. नवीन लोक सगळीकडे एकच टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक टाकतात, तसं केलं तर बिल उगाच वाढतं. शाफ्ट फिरते त्या भोकाला मिलिमीटरचा शंभरावा भाग महत्त्वाचा, बाहेरच्या कडेला अर्धा मिमी इकडे तिकडे झाला तरी कुणाला कळणार नाही. फिरणाऱ्या फिटला भोक एच७ आणि शाफ्ट जी६ (ही टॉलरन्सची ठरलेली नावं) म्हटलं की मशिनिस्टला पटकन कळतं, २० मिमीच्या भोकाला एच७ म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१.

स्कॅनिंगने सगळं सुटतं असं नाही

हल्ली कुणालाही विचारलं की म्हणतात थ्रीडी स्कॅन कर. वाकड्यातिकड्या आकारांना, म्हणजे मॅनिफोल्ड, डॅशबोर्डचे कोपरे, दिव्याची कडी, याला स्कॅनिंग सोन्यासारखं आहे. पण स्कॅनर झीजही तितक्याच निष्ठेने टिपतो, आणि भोकांची, आट्यांची, बेअरिंगच्या जागांची मापं स्कॅनवरून घेऊ नयेत, ती हातानेच मायक्रोमीटरने घ्यायची आणि मॉडेलमध्ये घालायची. चकचकीत पृष्ठभाग स्कॅनरला दिसत नाही, त्याच्यावर पांढऱ्या पावडरीचा पातळ स्प्रे मारावा लागतो. आणि स्कॅन करणाऱ्याशी आधीच बोलून घ्या की मला एसटीएल फाइल नको, एसटीईपी (स्टेप) फाइल पाहिजे. एसटीएल म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी, त्यात मशिनिस्टला एक भोक अर्धा मिमी सरकवता येत नाही. स्कॅनवरून नीट मॉडेल उभं करणं हे वेगळं काम आहे, वेळ तिथेच जातो आणि पैसे पण.

मॉडेल झालं की आधी पीएलए या स्वस्तातल्या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट काढून गाडीत बसवून बघा. हा प्रिंट वापरायला नाही हं, पीएलए ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. पण बोल्टची भोकं जुळतायत का, शेजारच्या पाइपला लागतंय का, हे दहा मिनिटांत कळतं, आणि धातू कापल्यावर कळण्यापेक्षा हे लाख पटीने बरं. माझा एक ब्रॅकेट तीन वेळा असा प्रिंट करून बदलला तेव्हा कुठे चौथ्यांदा बसला.

कुठल्या पद्धतीने बनवायचं

गोल पार्ट, बुश, पिन, स्पेसर, शाफ्ट हे सरळ लेथचं काम, सगळ्यात सोपं. सपाट ब्रॅकेट लेझर कटिंगला. एक-दोनच नग पाहिजे असतील तर मुळात ओतीव असलेला पार्ट सुद्धा अख्ख्या ठोकळ्यातून सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) कोरून काढता येतो, ड्रॉइंग चांगलं असेल तर हे बऱ्याचदा ओतकामापेक्षा स्वस्त आणि जास्त भरवशाचं पडतं, फक्त दिसायला ओतीव वाटत नाही.

ओतकाम करायचं असेल तर एक गोष्ट कळीची, धातू थंड होताना आक्रसतो. ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के, बीड १ टक्का, पितळ दीड टक्का. नवीन माणूस जुनाच पार्ट जोडून-चिकटवून पॅटर्न म्हणून वाळूत दाबायला देतो, मग २०० मिमीचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग अडीच मिमीने लहान येतं आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, शिवाय जिथे मशिनिंग करायचंय त्या तोंडांवर दोन-तीन मिमी जास्तीचा माल ठेवायचा आणि पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशाचा उतार. पॅटर्नवाला जुना जाणकार असेल तर हे सगळं तो स्वतःच करतो, पण विचारा, गृहीत धरू नका. प्रिंट केलेला पॅटर्न देणार असाल तर मॉडेल तेवढ्या टक्क्यांनी मोठं करणं हे एका क्लिकचं काम आहे.

छोटे, नक्षीचे, बारीक तपशिलाचे पार्ट लॉस्ट वॅक्सने करावेत, म्हणजे मेणाच्या प्रतीवरून ओतून. यातलं एक काम जवळून सांगतो. दाराच्या आतल्या हँडलची लिव्हर होती, जस्ताच्या मिश्रधातूची. हातात घेतली तर पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी, कडांना पांढरट भुकटी, आणि बोटाने जरा दाबलं तर तुकडा सुटून आला. जुन्या जस्ताच्या पार्टचा हा ओळखीचा रोग आहे, धातूत शिसं वगैरेची भेसळ असली की तो आतून सडत जातो, फुगतो आणि तडकतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये झमॅक आणलं, ९९.९९ टक्के शुद्ध जस्त आणि त्यात ४ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम, त्यानंतर हा प्रकार बराच कमी झाला, पण त्याच्या आधीच्या आणि त्या सुमाराच्या गाड्यांत अजून भेटतो. फुगलेली असल्यामुळे ही लिव्हर मूळ मापापेक्षा मोठी झालेली, म्हणजे इथे सॅम्पल उलट्या बाजूने खोटं बोलत होतं. दुसऱ्या दाराची लिव्हर बरी होती, तिच्यावरून मापं पडताळली. तुकडे पातळ गोंदाने जोडले, भेगा पुट्टीने भरल्या, फुगवटा पॉलिश पेपरने उतरवला, मग त्यावरून सिलिकॉनचा साचा, साच्यातून मेणाची प्रत, मेणावर चिकटून असलेल्या शिवणी गरम सुरीने साफ केल्या, आक्रसण्याची भरपाई म्हणून चौकोनी भोक मेणातच किंचित मोठं केलं, आणि मग पितळेत ओतली. जस्ताऐवजी पितळ का, तर जस्ताचा पार्ट मूळ डाय-कास्टिंगचा, त्याची डाय दोन-चार नगांसाठी परवडत नाही, आणि पितळ ओतायला सोपं, मजबूत, त्यावर क्रोम पण छान बसतं. वजन थोडं वाढतं एवढंच.

प्लास्टिकचे पार्ट, म्हणजे नॉब, बेझल, दिव्याच्या काचा, यांना सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून घेता येतं, एका साच्यातून वीसेक नग निघतात मग साचा फाटायला लागतो. बाहेर उन्हात राहणारा पार्ट असेल तर ऊन सहन करणारं रेझिन मागा, नाहीतर वर्षभरात पिवळा पडतो. भार घेणारे क्लिप आणि गिअर नायलॉनमध्ये.

मेटल प्रिंटिंग पण आता प्रत्यक्षात वापरलं जातं. पोर्शे क्लासिकने २०१८ मध्ये सांगितलं होतं की ९५९ या मॉडेलचा क्लच रिलीज लिव्हर ते टूल स्टीलच्या पावडरीतून लेझरने वितळवून बनवतात, ही गाडीच मुळात २९२ बनली होती, आणि तो लिव्हर जवळपास तीन टन दाबाखाली टेस्ट केला मगच पास केला. त्यांच्याकडे टेस्ट करायची सोय आहे हे लक्षात घ्या.

मटेरियल

"लोखंडाचा करा" एवढं सांगून चालत नाही. फिरत्या शाफ्टला आणि पिनला ईएन१९ किंवा ईएन२४ ग्रेडचं स्टील, गिअरला केस हार्डनिंगचं स्टील म्हणजे २०एमएनसीआर५ सारखं, वरून कडक आतून चिवट. मूळ कशाचा होता हे कळत नसेल तर एक्सआरएफ गन असलेल्या लॅबमध्ये मिनिटात मिश्रधातू कळतो, पार्ट कापावा लागत नाही, फक्त कार्बन किती आहे ते ती गन सांगत नाही, म्हणून सोबत हार्डनेस पण मोजून घ्या. दोन पार्ट एकमेकांवर घासत असतील तर स्वस्त आणि सोपा पार्ट मऊ ठेवा, म्हणजे पुढे झिजेल तो बुश, शाफ्ट नाही. ब्राँझचा बुश दाबून बसवला की त्याचं भोक थोडं आवळतं, म्हणून भोक किंचित लहान ठेवून बसवल्यावर रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार, मारायचा. तेल मुरवलेले सच्छिद्र बुश असतात त्यांना मात्र रीमर मारू नका, छिद्रं बुजतात आणि तेल येणं बंद होतं.

रबर हा नवख्यांचा सगळ्यात मोठा सापळा आहे. सगळं रबर काळंच दिसतं. दाराच्या बीडिंगला ईपीडीएम जातीचं रबर, ऊन-पाऊस-ओझोन याला ते वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण त्याला पेट्रोल-तेल लागलं की फुगतं. तेलाशी संबंध असेल तर नायट्राइल, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर व्हायटॉन जातीचं. ब्रेकमध्ये बरोबर उलटं, साध्या डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइलमध्ये ईपीडीएम चालतं आणि नायट्राइल बिघडतं. आणि सित्रोएन डीएसमध्ये आधी लाल एलएचएस द्रव होता, मग हिरवा एलएचएम आला तो खनिज तेलाचा, दोघांची रबरं वेगळी, अदलाबदल केली तर सगळी सील जातात. मी टाकीच्या फ्लोटची रिंग करून घेतली तेव्हा फक्त माप दिलं, काम सांगितलं नाही, रिंग आली ईपीडीएमची, दोन आठवड्यांत ती शेवयांसारखी लांब होऊन खोबणीतून बाहेर आली आणि गाडीत पेट्रोलचा वास. तेव्हापासून रबराच्या ऑर्डरमध्ये मी चार गोष्टी लिहितो, कशाला लागतं, किती तापतं, उन्हात आहे का, आणि शोअर हार्डनेस म्हणजे रबराचा कडकपणा किती. जुनं रबर कडक झालेलं असतं म्हणून त्याचा हार्डनेस मोजून तसाच मागू नका, बीडिंग ६० शोअर ए च्या आत हवं, नाहीतर दार लागत नाही.

कारागिराशी बोलणं

एक नग महाग का पडतो हे समजून घ्या म्हणजे वाद होत नाहीत. मशीनवर जॉब लावणं, कटर शोधणं, पहिला नग काढून मापणं, हा वेळ एका नगाला लागतो तेवढाच दहा नगांना. म्हणून क्लबमध्ये विचारून दहा जण गोळा करा. पण पैसे आधी घ्या, आणि पहिला नग गाडीत बसवून, चालवून झाल्याशिवाय बाकीचे नऊ करायला सांगू नका. हे कितीही घाई असली तरी. बॅज किंवा कंपनीचं नाव असलेला पार्ट दहा जणांना विकणार असाल तर ट्रेडमार्कचा प्रश्न येतो, तेवढं तपासून घ्या.

जमलं तर कारागिराला गाडीपाशी बोलवा नाहीतर समोरचा पार्ट सोबत न्या. बुश द्यायचा तर शाफ्ट पण द्या, गिअर द्यायचा तर त्याचा जोडीदार पण. आणि त्याला विचारा, "तुम्ही असता तर कसा केला असता?" अनुभवी माणूस अशा वेळी एखादा कोपरा गोल करायला सांगतो जिथून मूळ पार्ट तडकत होता. मूळ डिझाइनमध्येच दोष असू शकतो, तो जसाच्या तसा परत बनवायची सक्ती नाही.

प्लेटिंग आणि तपासणी

क्रोमचा थर स्वतः अर्ध्या मायक्रॉनच्या आत असतो, चमक येते ती खालच्या निकेलची आणि त्याच्या खालच्या पॉलिशची, त्यामुळे पार्टवर दिसणारा प्रत्येक ओरखडा क्रोमनंतर जास्त दिसेल. बफिंग करणाऱ्याला सांगून ठेवा की अक्षरं आणि कडा घासून गोल करू नका, आणि आटे व बेअरिंगच्या जागा झाकून घ्या, थर चढला की नट फिरत नाही. कडक स्टीलचे बोल्ट किंवा स्प्रिंग प्लेटिंगला देणार असाल तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि नंतर भाराखाली ते काचेसारखे मोडतात, म्हणून प्लेटिंग झाल्यावर लगेच २०० अंशाच्या आसपास काही तास भाजून घ्यावे लागतात. प्लेटिंगवाल्याला हे माहीत नसेल तर तिथून पार्ट उचला.

नवा पार्ट हातात आला की आधी मापा, मग पैसे. ओतीव पार्टला डाय पेनेट्रंट मारा, लाल रंग फवारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा, भेग असेल तर लाल रेघ उमटते. पाण्याचं हाउसिंग असेल तर भोकं बंद करून आत हलका हवेचा दाब देऊन बादलीत बुडवून बुडबुडे बघा, बसवल्यावर गळती सापडण्यापेक्षा हे सोपं.

बसवताना जोर लावावा लागला तर थांबा, काढा, परत मापा. बसल्यावर पहिले पन्नास किलोमीटर जवळपासच चालवा, मग उघडून बघा चकाकी कुठे आलीय. सगळीकडे सारखी असेल तर बरोबर बसलाय, एकाच कडेला असेल तर तिरका आहे. माझ्या दुसऱ्या बुशची चकाकी पूर्ण गोल, एकसारखी आली होती, त्याचा फोटो मी ड्रॉइंगच्या पाठीमागे चिकटवून ठेवलाय. ड्रॉइंग, फाइल, पॅटर्न आणि जुना तुटका पार्ट एकाच पिशवीत घालून त्यावर मटेरियल, तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवा, आणि ड्रॉइंगची एक प्रत क्लबच्या कुणाकडे तरी देऊन ठेवा.